खडूच्या दोन रेघा

दादा, त्या सकाळी राजूर घाटात वकीलसाहेबांच्या मोटारीच्या बॉनेटखाली खडूच्या ज्या दोन रेघा सगळ्यांनी पाहिल्या, त्या तुम्ही ओढलेल्या नव्हत्या. मी ओढल्या होत्या. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसून होतो तेव्हाही नाही. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. पण तुम्हाला माहीत असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. त्यासाठी मला सोळा वर्षं मिळाली. मी सांगितलं नाही.

परवा वडनेरला तुम्हाला निरोप देऊन लोक वळले तेव्हा कोणीतरी म्हणालं, हे जुने सोबती, यांना दोन शब्द बोलू द्या. मी गळ्याला हात लावून घसा बसल्याचं दाखवलं. घसा चांगला होता. तिथून परत येताना एसटीत ठरवलं की निदान लिहायचं. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहायचं धाडस होतं आहे, हेही आधीच कबूल करतो.

बुलढाण्याला स्टँडच्या मागं कडुनिंबाखाली तुमचं गॅरेज होतं. वर पत्रे, खाली खणलेला एक खड्डा, आणि आपण दोघं. तुम्ही मालक नि मिस्त्री, मी दुसरा मिस्त्री. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. जिल्ह्याला मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या दारात. तुमचा एक नियम होता. गाडी बाहेर काढण्याआधी ज्यानं काम केलं त्यानं बॉनेटखाली, बॅटरीमागच्या पत्र्यावर खडूनं आपली खूण करायची. तुमच्या दोन उभ्या रेघा, माझा एक गोल. पलटणीच्या वर्कशॉपातून तुम्ही ही सवय आणली होती. काम बिघडलं तर कोणाचा हात लागला होता ते कळावं, एवढाच हेतू. पण गावात त्याचं वेगळंच झालं. ड्रायव्हर लोक बॉनेट उचलून पाहायचे. दोन रेघा दिसल्या की निश्चिंत. माझा गोल दिसला की एखादा हळूच म्हणायचा, दादांच्या नजरेखालून एकदा जाऊ दे.

ते मला लागायचं. मी एकोणतीस वर्षांचा, मॅट्रिक पास, बऱ्या घरचा कुणबी, आणि गावाचा भरवसा तुमच्या रेघांवर. नुसती कामाची गोष्ट असती तर कदाचित इतकं लागलं नसतं. तुम्ही बौद्ध होता. तुमच्या हाताखाली राबतो म्हणून भावकीत मला टोमणे बसत. ते मी हसण्यावारी नेतो असं तुम्हाला सांगायचो. नेत नव्हतो. ते घरी जाऊन एकेक आठवायचो. आणि चहाच्या हॉटेलात तुम्ही घरून आणलेला पितळी पेला पुढं करायचात, तेव्हा कितीतरी दिवस मी समजत होतो की तुम्हाला स्वच्छतेची आवड आहे.

तुम्ही मला मॅट्रिक म्हणायचात. ‘काय बे मॅट्रिक’ म्हणून दिवस सुरू व्हायचा. मी पुस्तकी काही बोललो की म्हणायचात, करंट शाळेत गेलेला नाही, तुझं सर्टिफिकेट पाहून तो रस्ता सोडणार नाही. तुमच्या कानामागं विडी आणि गळ्यात तो टेस्टचा दिवा. टेललाइटचा जुना बल्ब, त्याला डाग दिलेल्या दोन वायरी, टोकांना चिमटे. दिव्याचं एक टोक गाडीच्या अंगाला लावायचं, दुसऱ्या टोकानं वायर विचारत जायची. दिवा लागला तर इथपर्यंत करंट आहे, नाही लागला तर मागं फिरा.

आपला वाद त्यावरूनच होता. माझं म्हणणं, शंभर गाड्यांत एकच बिघाड निघाला तर एकशेएकाव्या गाडीत तोच असणार, वेळ कशाला घालवायचा. तुम्ही म्हणायचात, अंदाज डॉक्टरला शोभतो, त्याचा पेशंट बोलतो. आपला बोलत नाही, त्याला विचारावं लागतं. मी म्हणालो होतो, मग अनुभव कशाला म्हणायचा? त्यावर तुम्ही काहीतरी बोलणार होतात, तेवढ्यात कोणाची तरी जीप आली. तो वाद तिथंच राहिला.

ज्यांनी मोटारीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी स्विचचं सांगायला हवं. ब्रेकचं पेडल दाबलं की नळीतल्या तेलावर दाब येतो आणि त्या दाबानं चाकं धरली जातात. त्याच नळीवर अंगठ्याएवढा पितळी स्विच बसवलेला असतो. तेलाचा दाब आला की त्याच्या आत दोन टोकं जुळतात, मागचे लाल दिवे लागतात आणि मागच्याला कळतं की पुढचा थांबतो आहे. दिवे लागले नाहीत तर दोष स्विचमध्ये असेल, वायरीत असेल, नाहीतर दिव्यापाशी असेल. हे ओळखायची तुमची रीत मला तोंडपाठ होती. स्विचवरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना लावायच्या. मागचे दिवे लागले तर स्विच मेलेला. तरीही लागले नाहीत तर स्विचच्या नादी लागायचं नाही, मागं जायचं. एका मिनिटाचं काम.

‘पह्यले वायरले इचार, मंग स्विचले,’ तुम्ही म्हणायचात. ‘तेलाले हात सगळ्यात शेवटी.’

तेल शेवटी, कारण स्विच काढला की नळी उघडी पडते आणि हवा आत जाते. हवा दबते, तेल दबत नाही. हवा राहिली तर पेडल खाली जातं आणि चाकं मोकळी राहतात. म्हणून ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकापाशी वाकून बुडबुडे संपेपर्यंत तेल सोडायचं.

त्या दिवशी दुपारी वकीलसाहेबांचा ड्रायव्हर शंकर गाडी लावून गेला. मागचे दिवे कधी लागतात, कधी नाही, एवढीच तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना मलकापूरच्या कोर्टात जायचं होतं. तुम्ही चारच्या एसटीनं धामणगाव बढ्याला साडूच्या मुलीच्या लग्नाला निघाला होतात. अंगात धुवट पांढरा सदरा, काखेत पिशवी. स्टँडकडे जाताना मला सांगितलं, नुसती तपासून ठेव, वायरीचं असेल तर कर, स्विच निघाला तर मी सकाळी येतो, साहेबांना थांबायला सांगू. दादा, यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही गेलात आणि मी तेच केलं नाही. त्या महिन्यात दोन गाड्यांचे स्विच गेलेले निघाले होते. मी म्हटलं, हाही तोच. त्या दोन वायरी काढून एकमेकींना लावायला एक मिनिट लागलं असतं, ते मी लावलं नाही. सरळ स्विच खोलला. तेल ओघळलं, मी भोकावर अंगठा धरला आणि दुसऱ्या हातानं मोडीतल्या एका गाडीचा स्विच बसवला. टेललाइट पाहायला मागं गेलो, डिकी उघडली, बंद केली, पेडलवर वीट ठेवून पाहिलं. दिवे लागले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. तुमचं नाव न घेता, तुमचा दिवा न घेता मी दोष पकडला होता.

हवा काढायला दुसरा माणूस नव्हता. समोरच्या सायकलवाल्याला हाक मारली असती तर तो आला असता. पण त्याच्याकडून पेडल मारून घ्यायचं म्हणजे मला एकट्याला जमत नाही असं दिसलं असतं. मी आत बसून तीन-चारदा पेडल मारलं, ते वर आलं, कडक लागलं. हवा असली तरी तीन-चारदा मारल्यावर पेडल वर येतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. बॉनेटखाली मी माझा गोल काढला. जरा मोठाच काढला.

दिवस मावळता शंकर आला. चावी घेताना त्यानं विचारलं, ‘दादानं पाह्यली का गाडी?’

मी म्हणालो, ‘हाव.’

त्यानं बॉनेट उचललं नाही. माझ्या शब्दावर तो गाडी घेऊन गेला.

हा पहिला खोटेपणा. भीतीनं केलेला नव्हता, तेव्हा भ्यायला काही झालंच नव्हतं. फक्त त्याच्या तोंडून ‘मग दादांना येऊ द्या’ हे ऐकायचं नव्हतं.

सकाळी आठ-साडेआठला घाटात तिसऱ्या वळणावर पेडल खाली गेलं ते वर आलं नाही. शंकरनं हँडब्रेक ओढला आणि दरीच्या बाजूला जाऊ देण्यापेक्षा गाडी डोंगरात घातली. वकीलसाहेबांचा हात मोडला. शंकरचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंदला गेला, आणि पुढं दवाखान्यात तो कापावा लागला. ट्रक आणि साखळी घेऊन मी घाटात पोचलो तेव्हा दोघांना वर नेलं होतं. एक हवालदार आणि पाच-सात माणसं उभी होती. कोणीतरी सांगितलं की शंकर शुद्धीवर होता आणि एकच बोलत होता, गाडी तर काल दादानं पाहिली होती.

मी पहारीनं बॉनेट उचकटलं. बॅटरी पाहतो म्हणालो. आत माझा गोल होता, तसाच, मोठा. आणि त्याच्या खाली मोडीतला स्विच तेलानं ओला झालेला. तो गळत होता. म्हणजे नुसती हवा नाही, तेलही गेलं होतं. माझ्या एका हातात हात पुसायचा बोळा होता आणि खिशात खडू. दादा, मी विचार केला असं मी म्हणणार नाही. हातांनी केलं. गोल पुसला आणि दोन रेघा ओढल्या. तुमच्या रेघा थोड्या डावीकडे कललेल्या असायच्या. मी तेवढंही लक्षात ठेवून कललेल्या ओढल्या.

मी मागं सरलो आणि खालून वर येणारी एसटी येऊन थांबली. तुम्ही उतरलात. डोक्याला अजून लग्नातला रुमाल होता, कपाळावर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. तुम्ही सरळ बॉनेटमध्ये वाकलात. रेघा पाहिल्यात. ज्या गाडीला तुम्ही बोट लावलं नव्हतं तिच्यात तुमची खूण. तुम्ही स्विचवरून बोट फिरवलंत आणि तेलाचा वास घेतलात. हवालदारानं विचारलं, काम कोणाच्या हातचं? मी खाली पाहत होतो. माझ्या बोटांना पांढरं लागलेलं होतं, ते मी पँटला पुसत होतो.

‘खूण माही हाय,’ तुम्ही म्हणालात.

एवढंच. मग तुम्ही पिशवीतून टेस्टचा दिवा काढून गाडीच्या मागं गेलात, डिकी उघडून आत आडवे झालात. लोकांना वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. मला कळत होतं तुम्ही काय करत आहात. वायरीला विचारत होता. बाहेर येऊन तुम्ही माझ्याजवळून जाताना, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, ‘मागची वायर आतून तुटली होती. स्विच चांगला होता.’

डिकी बंद करताना तिच्या दणक्यानं ती तुटकी वायर जुळली होती, म्हणून आदल्या दिवशी मला दिवे लागलेले दिसले. मी काढलेला तो चांगला स्विच अजून माझ्या पेटीत आहे. तो आजही चालेल.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. माझाही जबाब झाला. मी म्हणालो, मी दुसऱ्या गाडीवर होतो, मला माहीत नाही. केस तारखांवर तारखा पडून शेवटी ढिली पडली आणि तुम्ही सुटलात. गावानं मात्र सोडलं नाही. सरकारी जीपा आधी बंद झाल्या, मग वकील-डॉक्टरांच्या गाड्या. हॉटेलात एक जण म्हणाला, मी आधीच सांगत होतो, त्या लोकांच्या हाती मोटारी देऊ नका. मी समोर बसलो होतो. कप हातात होता. मी चहा संपवला. दादा, बाकी सगळ्याला मी भीतीचं नाव देत आलो. पाय गेलेला शंकर, पोलीस, कोर्ट, घरी पोटुशी बायको. पण त्या चहाला कोणतं नाव देऊ? तिथं मला पोलीस धरणार नव्हते. दोष तुमच्याकडे जात होता तो इतक्या सहज, इतक्या उतारानं जात होता, की मला ढकलायचीही गरज पडली नाही. ते मला दिसत होतं, आणि मी ते होऊ दिलं.

तुम्ही गॅरेज बंद केलंत आणि वडनेर भोलजीला विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला गेलात. जाताना टेस्टचा दिवा माझ्या हातात दिलात. का दिलात? मी सोळा वर्षं यावर डोकं आपटलं. कधी वाटतं माया होती, कधी वाटतं शिक्षा. घाटात तुम्ही खरं का सांगितलं नाही, याचंही उत्तर मला मिळालेलं नाही. माझं लेकरू येणार होतं म्हणून? की आपली खूण आहे म्हटल्यावर मागं हटायचं नाही म्हणून? की तुम्ही तिथल्या तिथं ओळखलं होतं की नाही म्हटलं तरी तुमचं कोणी ऐकणार नाही? हे शेवटचं खरं असेल तर मी फक्त एक खूण बदलली नाही.

तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. स्टँडमागच्या त्याच कडुनिंबाखाली आज माझ्या नावाची पाटी आहे. माझ्या हाताखालच्या मिस्त्र्यांना मी हवा दोघांनीच काढायला लावतो, आणि वायरला आधी विचारायला लावतो. ते मला बारकाईचा माणूस समजतात.

एकदा आलो होतो मी वडनेरला सांगायला. आठवतं? तुम्ही मळ्यात एका इंजिनाचं डोकं उघडून बसला होतात. केस पांढरे झाले होते. मी बांधावर बसलो, पीकपाणी विचारलं, तुमच्या मुलाची मास्तरकी विचारली, आणि मग म्हणालो, दादा, त्या गाडीबद्दल तुम्ही मला कधीच काही विचारलं नाही. तुम्ही हात पुसलेत, माझ्याकडे पाहिलंत. घाटापासून पहिल्यांदा सरळ पाहिलंत.

‘तुले काऊन इचारू बे मॅट्रिक? तू सांगशीन तवा आयकीन.’

दादा, तुम्ही वाट पाहत होतात. पाना खाली ठेवून वाट पाहत होतात. आणि मी घड्याळाकडे पाहून म्हणालो, नांदुऱ्याची एसटी चुकेल. तुम्ही पाना उचललात. नंतर मी आलोच नाही, आलो तो परवा.

शंकर कोर्टासमोर पानाची टपरी घेऊन बसतो. मला पानाची सवय होती, ती त्या वर्षापासून सुटली. लोक त्याला निग्रह म्हणतात. मी फक्त त्या फुटपाथवरून जात नाही. तरी तो लांबून हात करतो. तुम्ही गेल्याचं त्यालाही कोणीतरी कळवलं. परवा स्टँडवर कुबडी टेकत येऊन मला म्हणाला की दादा देवमाणूस होते, एक चूक कोणाच्याही हातून होते, मी तर त्यांना केव्हाच माफ केलं. एवढं सांगायला तो एका पायावर अर्धा मैल आला होता. मी त्याला म्हणालो, हो.

आणि त्याच दिवशी वडनेरला. लोक पांगल्यावर वहिनींनी मला चहा दिला. तुमच्या त्या पितळी पेल्यात. बहुधा घरातलं चांगलं भांडं म्हणून दिला असेल, त्यांच्या मनात दुसरं काही नसेल. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. त्या समोर जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक चोळत राहिल्या.

‘तुमी त्यायच्या संग होते भाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘त्यायनं मले कधी सांगतलं नाही. खरं सांगजा. त्यायच्या हातून झालती का ते चूक?’

सोळा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की विचारणारं कोणी नाही. आता विचारणारं माणूस समोर होतं. पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, माझी मुलगी मोठी होऊन कॉलेजात जाते आहे. भ्यायला जागाच उरली नव्हती. मी पेल्यात पाहिलं आणि म्हणालो, होते वहिनी कधी कधी माणसाच्या हातून.

त्यांनी मान हलवली. उठून आत गेल्या. जाताना त्यांचे खांदे थोडे खाली आलेले मला दिसले.

दादा, घाटातल्या रेघांसाठी मी तरणा होतो, घाबरलो होतो, असं काहीतरी म्हणता येतं. परवासाठी काही नाही. तुमची राख गरम असताना मी त्याच रेघा पुन्हा ओढल्या, आणि या वेळी तुमच्या घरात.

येताना एसटी तिसऱ्या वळणावर आली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. गाडी ज्यावर आदळली तो डोंगराचा दगड अजून तिथंच आहे, त्यावर आता गवत उगवलं आहे. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. सगळे जण पुढं झुकले आणि मागं आले. मी एकटा पाय जमिनीत रोवून, सीटचा दांडा धरून बसलो होतो, वळण संपेपर्यंत. दर वेळी असाच बसतो.

तुम्हाला आता काही देता येत नाही. तुम्ही ऐकायला बसला होतात तेव्हा मी उठलो. तो हिशोब कोणी उघडणार नाही आणि मिटणारही नाही. हा कागद कोणाच्या हाती पडला तरी त्यानं माझं बोलणं झालं असं मी धरणार नाही. कागदावर मी धीट आहे, हे मला कळून चुकलं आहे.

मी दोन माणसांचं देणं लागतो. एक वडनेरला वहिनींचं, एक कोर्टासमोर शंकरचं. दोघांना देणं एकच आहे. समोर उभं राहून, तोंडानं, एक वाक्य: ती गाडी मी उघडली होती, दादांनी तिला हातही लावला नव्हता. आज तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले. ते मी अजून दिलेलं नाही.